पाहुण्यांच्या बाकावरची इदालीना

बारांको गावात संत राइमुंदुची जत्रा असली की सगळ्यात आधी ताट मिळायचं ते दोना इदालीनाला, म्हणजे इदालीनाबाईला. तांबाकी माशाचा मधला चरबीदार तुकडा, वर पिळलेलं लिंबू, बाजूला भाजलेल्या कसावा कंदाचा रवा, आणि ताट हातात देणारी बाई म्हणायची, "घ्या दोना, सुरुवात करा, संकोच नको." गावातली बाकीची मंडळी तोवर उन्हात राबत असायची. आता असं सुख कुणाला नको असेल? इदालीनाला नको होतं. जत्रेच्या दिवशी तिच्याएवढं वाईट कुणालाच वाटत नसे, आणि वर चरबीदार तुकडा खावा लागायचा तो वेगळाच.

ती पाहुणी होती, हे त्यामागचं कारण. लग्न होऊन चाळीस वर्षं होत आली, पाच लेकरं झाली, नातवंडं अंगाखांद्यावर खेळू लागली, तरी जत्रेपुरती ती पाहुणीच. बारांको मुरुपारी नदीच्या उजव्या काठावर आणि इदालीना जन्मली डाव्या काठावर. फार पूर्वी रानातल्या कास्तान्याच्या झाडांवरून, म्हणजे त्या कडक कवचाच्या बदामांवरून, दोन काठांत डोकी फुटली होती. समेट झाला तेव्हा म्हाताऱ्यांनी नियम घातला. पल्याडचा माणूस जत्रेला आला की त्याला बाकावर बसवायचं, आधी वाढायचं, आणि कामाला हात लावू द्यायचा नाही. पुढे कुणी म्हणायला नको की आम्हाला राबवून घेतलं आणि उपाशी धाडलं. नियम वाईट नव्हता. फक्त नियम घालणारे सगळे पुरुष होते आणि आपापल्या जन्मगावातच म्हातारे झाले होते, त्यामुळे लग्न करून काठ बदलणाऱ्या बायांचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही.

इदालीनाच्या आधी आलेल्या दोघीतिघी त्या बाकावरच सुखानं म्हाताऱ्या झाल्या. इदालीना तशी नव्हती. ती गावातली सुईण. बारांकोतली निम्मी माणसं तिच्या हातांत पहिल्यांदा रडली होती. आणि संत राइमुंदु तर सुईणींचाच संत! जत्रेत फळांनी सजवलेला उंच खांब उभा करतात, त्याला अख्खं गाव खांदा देतं. तिनं नाळ कापलेली पोरं मिशा फुटल्यावर तो खांब उचलायची आणि ती बाकावर बसून टाळ्या वाजवायची. "मी ज्यांना या गावात आणलं ते गावचे झाले," ती नवऱ्याला म्हणायची, "आणि मी अजून दारातच."

नवरा, सेउ अनीसिओ, म्हणजे अनीसिओराव, मासेमार. त्याला यात दुःख दिसत नसे, कारण इदालीना आपल्या ताटातला अर्धा तुकडा दरवर्षी गुपचूप त्याला द्यायची. "अगं, लोक आयतं खायला मिळावं म्हणून देवाला नवस बोलतात," तो बोटं चाटत म्हणायचा. "तुला आयतं मिळतंय तर तोंड वाकडं."

"आयतं तुला मिळतंय, म्हाताऱ्या. मला नुसती लाज मिळते."

आता एका पक्ष्याचं सांगायला हवं, कारण घोडं पुढे त्या पक्ष्यापाशीच अडलं. रानात ताओका मुंग्यांची फौज निघते. तिच्यापुढे झुरळं, कोळी, नाकतोडे जीव घेऊन पळत सुटतात, आणि ते टिपायला हा पक्षी फौजेबरोबर फिरतो. लोक त्याला ताओकांची माय म्हणतात. काळं डोकं, तपकिरी पाठ, आणि डोळ्याभोवती लाल कातडं, जणू रात्रभर रडून आलाय. सावलीत, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर त्याचा सगळा संसार. उघड्या उजेडात येणं त्याच्या जिवावर येतं, मग एवढं नदीचं पात्र ओलांडणं लांबच. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या अल्याडची माय अल्याड आणि पल्याडची पल्याड. अल्याडच्या पाठीवरचे काळे ठिपके घेवड्याच्या दाण्यासारखे गोल, पल्याडच्या पाठीवरचे तांदळासारखे बारीक. आमच्याकडे लहान पोरालाही हा फरक कळतो. पल्याडच्या माणसाला चिडवायचं असलं तर "काय रे तांदूळठिपक्या" म्हणतात. इदालीना नवी नवरी होती तेव्हा तिनं ते पुष्कळ ऐकलं होतं.

तिचं माहेर म्हणजे पल्याडच्या काठाच्या जमिनीची पात्रात शिरलेली एक लांबट जीभ होती. नदी तिला वळसा घालून बारांकोच्या समोरून जायची. एका वर्षी पूर आला तो भलताच. नदीला एवढा मोठा वळसा घालायचा कंटाळा आला असावा. तिनं जिभेचा मागचा अरुंद भाग तोडला आणि सरळ वाट काढली. पूर ओसरला तेव्हा गावापुढचं पाणी वाहायचं थांबलं होतं. पुढे चारदोन वर्षांत वळणाच्या एका टोकाला गाळ भरला, त्यावर झाडं उठली, आणि कोरड्या दिवसांत तिथून पायी जाता येऊ लागलं. गावाला नदी राहिली नाही, एक लांबोडकं तळं राहिलं. होडीवाल्यांनी शिव्या घातल्या. अनीसिओ मात्र खूश, कारण तळ्यात मासे एवढे झाले की जाळं ओढताना त्याची कंबर धरायची. आणि इदालीनाचं माहेर पल्याडच्या काठापासून तुटून आमच्या काठाला येऊन चिकटलं.

"लोक बायकोला माहेरी पोचवायला जातात," अनीसिओ ज्याला त्याला सांगू लागला. "माझ्या बायकोचं माहेरच चालत सासरी आलं."

तो हसण्यावारी नेत होता, पण इदालीनाच्या मनात ते वाक्य घर करून बसलं. जत्रेच्या आधी बायका कसावा सोलायला छपराखाली जमल्या तेव्हा तिनं विषय काढलाच. जत्रेची कारभारीण होती पेर्पेतुआ, अनीसिओची थोरली बहीण. इदालीनाच्या पहिल्या मुलीची ती धर्ममाता, त्यामुळे दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. पेर्पेतुआ बोलायला सुरी आणि मनानं बटाटा, पण एकदा बोललेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

"कोमाद्रे," इदालीना म्हणाली, "यंदा मी बाकावर नाही बसणार."

"का? टोचतो?"

"माझं माहेर आता अल्याड आलंय. मग मीही अल्याडचीच की."

पेर्पेतुआनं सोलायचं थांबवलं नाही. "नदीचं काय सांगतेस मला! आज इकडे, उद्या तिकडे. तिच्या शब्दावर मी वाडवडलांचा नियम मोडू होय? मला सांग, त्या जिभेवरच्या रानात ताओकांची माय कुठली?"

इदालीनानं हातातली सुरी खाली ठेवली. खोटं बोलणं तिला जमत नसे. "तांदळाची," ती म्हणाली.

"बघ! म्हणजे रान अजून पल्याडचंच. अंगानं इकडे आलं, मनानं नाही. ज्या दिवशी तांदळाची आणि घेवड्याची एका घरात नांदतील ना, त्या दिवशी खुशाल ये. माझ्या चुलीपाशी जागा करते."

बायका खो खो हसल्या. इदालीनाही हसली, कारण न हसून करते काय? पण शब्द चारचौघींत पडला होता, आणि पेर्पेतुआचा होता. त्या दिवसापासून इदालीनाला दुसरं काही सुचेना.

कोरड्या दिवसांत कुणाची बाळंतपणं नसली की ती गाळाच्या वाटेनं जिभेवरच्या रानात जायची. मुंग्यांची फौज सापडली की एका मुळावर बूड टेकायची आणि पाखरांच्या पाठी बघत राहायची. अल्याड सगळे घेवडे, पल्याड सगळे तांदूळ. मधल्या गाळावर नुसती कोवळी झाडं आणि ऊन. त्या विरळ सावलीत पाय टाकायला एकही माय तयार नव्हती. एका जत्रेला शहरातून पक्ष्यांचा अभ्यास करणारं एक जोडपं आलं होतं. तेही पाहुणेच, म्हणून बाकावर इदालीनाच्या शेजारी. त्यांनी चित्रं दाखवली. पक्षी एकच, म्हणाले, पण पोटजाती दोन, मध्ये नदी आहे म्हणून. इदालीनाला चित्रं फार आवडली. तिनं माशाचा घास हातात तसाच धरून विचारलं, "आणि नदी मधून उठून गेली तर?"

"मग वाट बघायची," त्या जोडप्यातली मुलगी म्हणाली. "रान दाट होऊ द्यायचं. सावली आली की येतात, आणि मिसळतातही."

"किती वाट?"

ती हसली. "ते पक्ष्यांना विचारायला हवं, दोना."

बायकोचा जीव कशात अडकलाय हे अनीसिओला दिसत होतं. त्याला तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं, आणि अनीसिओनं काही करायचं ठरवलं की देवानं सांभाळावं. त्यानं अल्याडच्या रानात फास लावून घेवडाठिपक्या एक पक्षी धरला, टोपलीत घातला, वर टोपी झाकली आणि होडीतून तळ्यापलीकडे निघाला. बेत सोपा होता. तिकडे नेऊन सोडायचा, तो तिथल्या एखादीशी संसार मांडेल, आणि बायको चुलीपाशी जाईल. तळ्याच्या मधोमध पक्षी गुदमरला तर नाही ना हे बघायला त्यानं टोपी उचलली. पक्षी फडफडून उडाला, थोडा वर गेला, चहूकडे पाणी आणि उजेड बघून गांगरला, आणि दगडासारखा तळ्यात पडला. अनीसिओनं टोपीनं त्याला उपसून काढलं. काठावर कपडे धुणाऱ्या बायकांनी हे सगळं पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सेउ अनीसिओनं पाखराला बाप्तिस्मा दिला. धर्मपिता कोण, धर्ममाता कोण, नाव काय ठेवलं, विचारून विचारून लोकांनी त्याच्या नाकी नऊ आणले.

ओलाचिंब पक्षी घेऊन तो घरी आला तेव्हा इदालीना आधी हसली. मग तिनं तो फडक्यात धरून उन्हाला वाळवला, आणि मग नवऱ्याला फैलावर घेतलं.

"पळवून आणलेल्या सुनेनं घर होतं का रे कुठं?"

"अगं, तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी काही करायचंय ना? मग त्याला होता तिथं सोडून ये. आपल्या पायानं येईल तर येईल. मी पण माझ्या पायानं आले होते."

अनीसिओ पक्षी घेऊन रानात गेला. त्या दिवशी इदालीनाला नवऱ्याबद्दल फार प्रेम वाटलं, पण ते तिनं त्याला सांगितलं नाही. रात्री त्याच्या पेजेत अंडं जास्तीचं घातलं.

त्यानंतर ती रानात जायची कमी झाली. गाळावरची झाडं वाढत होती, खाली पाचोळा साठत होता, वेली चढत होत्या. तिचे गुडघे मात्र कुरकुरू लागले होते. बाकावर बसायची सवय करून घ्यावी असं तिनं ठरवलं. ठरवलं, पण सवय काही झाली नाही.

मग एका साली, जत्रेला थोडे दिवस उरले असताना, ताओकांची फौज गावात शिरली. ती आली तळ्याच्या गाळाकडून आणि गेली थेट पेर्पेतुआच्या घरात. आमच्याकडे यावर एकच उपाय आहे. माणसं, कोंबड्या, कुत्रं, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि मुंग्यांना घर देऊन टाकायचं. भिंतीतली झुरळं, छपरातले विंचू, सगळं साफ करून त्या आपल्या वाटेनं निघून जातात. झाडलोट फुकटात होते, फक्त तोवर घर आपलं नसतं. पेर्पेतुआ संत राइमुंदुची लाकडी मूर्ती काखेत मारून बाहेर पडली, ती समोर इदालीनाच्या अंगणात येऊन स्टुलावर बसली. मूर्ती तिनं मांडीवर घेतली.

"या कोमाद्रे, आज तुम्ही पाहुण्या," इदालीनाला राहवलं नाही.

"हस, हस. तुझ्याही घरात शिरतील तेव्हा बघू."

"शिरल्या तर दोघी मिळून अनीसिओच्या होडीत बसू. तो बाप्तिस्मा फुकट देतो."

पेर्पेतुआला हसू आलं, आणि हसू आलं याचा रागही आला. इदालीना आत गेली. तिनं दाट गोड कॉफी केली, कसावाचा पोळा भाजला, त्यावर लोणी लावलं आणि पहिली बशी पेर्पेतुआसाठी बाहेर आणली. पेर्पेतुआ मान पुढे काढून अंगणाकडेच्या झुडपात बघत होती. मुंग्यांची एक रांग तिकडून चालली होती आणि पाचोळ्यात पाखरांची किरकिर ऐकू येत होती.

"काय बघताय?"

"तुझं अंगण," पेर्पेतुआ बशी घेत म्हणाली. "झाडत नाहीस वाटतं."

इदालीना झुडपाकडे वळली तोवर तिथं नुसती पानं हलत होती. पेर्पेतुआ कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. उन्हं कलल्यावर मुंग्या गेल्या, आणि ती मूर्ती उचलून घरी गेली. जाताना नेहमी काहीतरी टोमणा टाकणारी बाई, त्या दिवशी काहीच बोलली नाही. इदालीनाला ते जरा चमत्कारिक वाटलं.

जत्रेचा दिवस आला. इदालीनानं निळा झगा घातला, केसांना तेल लावलं आणि बाकावर आपल्या जागी जाऊन बसली. एका बाजूला पल्याडचा एक होडीवाला आणि त्याची बायको, दुसऱ्या बाजूला पल्याडहून नेमणुकीवर आलेले मास्तर. पेर्पेतुआ स्वतः ताटं घेऊन आली. पहिलं ताट होडीवाल्याला. दुसरं त्याच्या बायकोला. मग इदालीनाच्या समोरून ती सरळ पुढे गेली आणि तिसरं मास्तरांना दिलं.

बाकावरची माणसं खाली बघू लागली. इदालीनाचे कान तापले. एवढ्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. बाक नको होता हे खरं, पण बाकावर बसवून उपाशी ठेवणं म्हणजे सगळ्या गावापुढं थोबाडीत मारणं. आपलं काय चुकलं? अंगणातली ती थट्टा मनाला लागली का हिच्या? तिला रडू यायला लागलं आणि रडू येतंय म्हणून स्वतःची चीड आली. खांबाजवळ दोर वळत असलेला अनीसिओ हातातलं टाकून उठला. बहीण असली तरी आज तो ऐकणार नव्हता.

तेवढ्यात चुलीकडून पेर्पेतुआचा आवाज आला. तो तळ्यापलीकडेही ऐकू गेला असेल.

"ए कोमाद्रे! तिथं बसून डास मारतेस का? इथं भात लागायला आलाय, आणि भांड्यांचा ढीग काय संत राइमुंदु घासणार?"

इदालीनानं इकडेतिकडे पाहिलं. "मी?"

"नाही, तुझी आजी! ऊठ, बाहीला गाठ मार."

इदालीना उठली. चुलीपाशी जाईपर्यंत डोळे भरून आले होते, पण तिथं धूर होता त्यामुळे कुणाला काही सांगावं लागलं नाही. पेर्पेतुआनं तिच्या हातात उलथनं दिलं आणि पातेल्यात बघतच बोलली.

"त्या दिवशी तुझ्या अंगणात पाहिलं. मानेखाली घेवडे, शेपटीकडे तांदूळ. पिल्लूच होतं, नुकतं पाठीवर रंग चढलेलं. एक घेवड्याची आणि एक तांदळाचा त्याला भरवत होते. मी डोळे पुसून पुसून बघितलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"चारचौघींत शब्द दिला होता. चारचौघींतच पाळायचा." मग जरा थांबून म्हणाली, "आणि तुझी कॉफी पिऊन व्हायची होती. एकदा तू घरची झालीस, मग कोण करतंय मला बसल्या जागी कॉफी?"

इदालीना हसली, आणि हसता हसता रडलीच. पेर्पेतुआनं "भाताकडे बघ" म्हणून खेकसून घेतलं.

दुपारी खांब उचलला तेव्हा तिचा खांदा त्याला लागला. पुढच्या माणसाची नाळ तिनंच कापली होती. तो मागे वळून म्हणाला, "दोना, तुम्ही राहू द्या, जड आहे." ती म्हणाली, "तू उलटा होतास पोटात, त्यापेक्षा हा हलका आहे. चल पुढे." खांब उभा राहिला, लोकांनी आरोळी ठोकली, आणि ती टाळ्या वाजवायच्या विसरली, कारण हातांना डिंक लागला होता.

मग वाढणं, मग आणखी वाढणं, मग भांडी. अनीसिओ रिकामं ताट घेऊन दोनदा चुलीकडे येऊन गेला.

"मधला तुकडा?" त्यानं हळूच विचारलं.

"मास्तरांना गेला."

"म्हणजे माझं काय आता?" तो खरोखरच दुःखी झाला होता.

"तुला शेपूट," त्याची बहीण म्हणाली. "घरच्यांना तेच मिळतं."

ऊन उतरलं, पंगती संपल्या, पाहुण्यांच्या होड्या सुटल्या. इदालीनाच्या हातांना राख, झग्याला तेल, पाठ मोडून आलेली. सकाळपासून पोटात कण नव्हता. आज कुणी तिला आधी वाढलं नव्हतं आणि नंतरही विचारलं नव्हतं. ती चुलीपाशी आली आणि चाळीस वर्षांत या जत्रेत कधी विचारावा न लागलेला प्रश्न तिनं विचारला.

"कोमाद्रे, मला काही उरलंय का?"

पेर्पेतुआनं पातेलं तिरकं करून आत पाहिलं. "खरवड आहे," ती म्हणाली, आणि उलथनं पुढे केलं. "सगळी खाऊ नकोस. अर्धी माझी."